मुरुंगई कीरै सूप: काड्या गाळा, पानं खा

चेन्नईत मरिनाच्या किंवा बेसंट नगरच्या किनाऱ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी स्टीलची पिंपं घेऊन सूपवाले उभे असतात. एका पिंपात केळीच्या खोडाच्या गाभ्याचं, दुसऱ्यात मुडक्कत्तानचं, म्हणजे आपल्या कपाळफोडीच्या वेलाचं, आणि एकात हमखास मुरुंगई कीरैचं, म्हणजे शेवग्याच्या पाल्याचं. कागदी पेल्यात ओतलेलं हे पाणी पातळ, हिरवट-तपकिरी, मिरी-जिऱ्याच्या वासाचं असतं. ना त्यात क्रीम, ना कॉर्नफ्लॉवर. आपल्याकडे सूप म्हटलं की चमच्याला चिकटणारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. इथे ती कल्पना बाजूला ठेवावी लागते. हे जात्याच साराच्या घरातलं आहे.

फिरस्त्यांसाठी विकलं जाणारं सूप बहुतेकदा गाळलेलं असतं. पिंपातून भराभर पेले भरायचे तर ते सोयीचं. तमिळ घरांत मात्र पानं सुपातच राहतात, आणि माझंही मत तेच आहे: गाळायच्या त्या काड्या, पानं नव्हेत. असं का, ते पुढे हिशेबासह सांगते.

पाला कोणता घ्यायचा

तमिळनाडूत शेवगा दारात असतो, शेतात असतो आणि बाजारातही जुड्यांनी असतो. करूर जिल्ह्यातला अरवक्कुरिच्चीचा पट्टा आणि दिंडिगुलकडचा ओट्टनचत्रमचा बाजार शेंगांसाठी प्रसिद्ध आहेत. पेरियकुळमच्या फलोत्पादन महाविद्यालयाने १९८९ मध्ये आणलेला ‘पीकेएम-१’ हा वाण बियांपासून लावतात आणि तो वर्षाच्या आत शेंगा देतो. आपल्याकडेही अनेक बागाइतदार हाच लावतात. झाड छाटून बुटकं ठेवलं की कोवळा पाला हाताशी येतो.

सुपाला फांदीच्या टोकाकडची, फिकट हिरवी, मऊ पानं हवीत. गडद, जाडसर पानं चालतात, पण शिजायला दुप्पट वेळ घेतात आणि कडसर असतात. पिवळी पडलेली सरळ टाकून द्या.

झाड स्वतःचं असेल तर दोन गोष्टी सांभाळा. एक, शेवग्याची फांदी ठिसूळ असते. विक्रमाच्या गोष्टीतला वेताळ तमिळ सांगण्यात मुरुंगईच्याच झाडावर लटकलेला असतो आणि पुन्हा पुन्हा तिथेच जाऊन बसतो. त्याचं वजन नसेल, आपलं असतं. झाडावर चढू नका, आकडीने फांदी ओढा. दुसरी गोष्ट केसाळ सुरवंटांची. पावसाळ्यात ते खोडावर झुंडीने बसतात, आणि अंगाला लागले तर तासन्‌तास खाज सुटते. फांदी तोडण्याआधी खोड आणि पानांची मागची बाजू नीट बघून घ्या.

मुंबईत माटुंग्याच्या बाजारात हा पाला जुडीने मिळतो. कोकणात तर शोधायचीही गरज नाही. गोकुळाष्टमीला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी असा बेत ज्यांच्या घरी होतो, त्यांच्या परड्यात झाड असतंच.

पानं काढणं: खरं काम इथेच

सूप वीस-पंचवीस मिनिटांत होतं. वेळ जातो तो पानं ओरपण्यात, आणि बहुतेक जण कंटाळतात ते इथेच. तमिळ बायकांची यावरची युक्ती अशी: संध्याकाळी जुडी आणली की न धुता, कोरडीच, वर्तमानपत्रात किंवा सुती फडक्यात घट्ट गुंडाळायची आणि ओट्यावर रात्रभर ठेवायची. सकाळी पुडकं उघडून फांद्या झटकल्या की निम्म्याहून जास्त पानं आपोआप गळून पडतात. उरलेली बोटांनी ओरपायची. फ्रिजमध्ये ठेवू नका, गारव्यात पानं देठाला धरून राहतात. आणि एका रात्रीपेक्षा जास्तही नको, पानं पिवळी पडायला लागतात.

त्याच दिवशी करायचं असेल तर फांदीचं टोक डाव्या हाताच्या चिमटीत धरा आणि उजव्या हाताची दोन बोटं टोकाकडून बुडख्याकडे ओढा. उलट दिशेने ओढलंत तर बारीक काड्याही तुटून पानांत मिसळतात आणि मग त्या वेचत बसावं लागतं.

आता ताटात तीन ढीग करा. एक पानांचा. दुसरा बारीक हिरव्या काड्यांचा, ज्यांना पानं लागलेली असतात त्यांचा. तमिळमध्ये या काड्यांना ईर्क्कु म्हणतात. तिसरा ढीग जाड, तपकिरी फांद्यांचा, तो टाकायचा. काडी नखाने सहज तुटली तर दुसऱ्या ढिगात, वाकली पण तुटली नाही तर तिसऱ्यात.

धुताना पानं चाळणीत घेऊन नळाखाली धरू नका. शेवग्याच्या पानावर पाणी ठरत नाही, थेंब होऊन घरंगळून जातं आणि धूळ तिथेच राहते. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, पानं त्यात दाबून बुडवा, हाताने ढवळा, मिनिटभर थांबा आणि वरून पानं हाताने उचला. माती तळाशी बसलेली दिसेल. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे करायचं. पातेलं उपडं करून पानं चाळणीत ओतलीत तर तीच माती पुन्हा पानांवर येते.

साहित्य (चार वाट्या सुपासाठी)

- साफ केलेली पानं: ६० ग्रॅम, म्हणजे सैल भरलेले साधारण तीन कप
- ईर्क्कु, कोवळ्या काड्या: १० ते १२
- तांदूळ धुतलेलं दुसरं पाणी: २ कप
- साधं पाणी: ३ कप
- मुगाची डाळ: २ मोठे चमचे
- छोटे सांबार कांदे: १० (नसतील तर एक मध्यम कांदा)
- लसूण: ८ पाकळ्या
- टोमॅटो: १ लहान
- मिरे: १ लहान चमचा
- जिरं: दीड लहान चमचा
- हळद: पाव चमचा
- कढीपत्ता: एक काडी
- तिळाचं तेल: २ लहान चमचे
- मीठ आणि अर्धं लिंबू

तांदळाच्या पाण्याविषयी थोडं. पहिलं पाणी धुळीचं असतं, ते टाकायचं. तांदूळ जरा चोळून धुतल्यावर जे पांढुरकं दुसरं पाणी निघतं, ते ठेवायचं. त्यातल्या पिठामुळे सुपाला हलकासा गोलवा येतो आणि पाल्याचा कडसरपणा मागे सरतो. दक्षिण तमिळनाडूतल्या घरांत हे पाणी फेकत नाहीत, चेट्टिनाडकडचा मंडी नावाचा प्रकार तर याच्यावरच उभा आहे. सुपाला दाटपणा येण्यासाठी मैदा किंवा कॉर्नफ्लॉवर घालायचा मोह झाला तर हे पाणी आणि मूगडाळ एवढं पुरेसं आहे, हे लक्षात ठेवा.

तेल तिळाचंच घ्या, तेही घाण्याचं, कच्च्या तिळाचं. भाजलेल्या तिळांचं काळपट चिनी तेल इथे चालत नाही, त्याचा वास सगळ्यावर बसतो. तिळाचं तेल नसेल तर साजूक तूप. शेंगदाणा तेलानेही सूप होतं, फक्त ते तमिळ लागत नाही.

कृती

आधी मूगडाळ धुऊन कपभर पाण्यात चिमूटभर हळद घालून मऊ शिजवा आणि रवीने घोटून घ्या. कुकर लावलेलाच असेल तर भातासोबत एका छोट्या डब्यात होऊन जाते.

डाळ शिजतेय तोवर काड्यांचं पाणी. काड्या बोटभर लांबीच्या तोडा आणि खलबत्त्यात लसणाच्या चार पाकळ्यांसोबत ठेचा. पूड करायची नाही, काडी मधोमध चिरून तंतू मोकळे झाले की पुरे. मुळ्यासारखा एक झणका नाकाला लागेल, शेवगा आणि मोहरी-मुळा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच गणातले आहेत, त्याचा हा पुरावा. हे ठेचलेलं पातेल्यात घाला, तांदळाचं पाणी आणि उरलेलं दोन कप साधं पाणी ओता, राहिलेली हळद टाका. उकळी आली की आच मंद करून झाकण न ठेवता १२ ते १५ मिनिटं उकळू द्या. तांदळाचं पाणी फेसाळून उतू जातं, म्हणून पातेलं मोठं घ्या. मग गाळून, चमच्याने दाबून काड्यांतलं सगळं पाणी काढून घ्या. साडेतीन कपांच्या आसपास उरायला हवं. चव बघा: नुसत्या पाण्याला शेंगेची, आमटीतल्या शेवग्याच्या शेंगेची चव आलेली असते. पानांत ही चव नाही, ती काड्यांतच असते. ज्यांनी फक्त पानांचं सूप केलं आणि ‘पालकासारखंच लागतं’ म्हणून सोडून दिलं, त्यांनी काड्या फेकल्या होत्या असं समजावं.

मिरे आणि जिरं कोरडंच, मंद आचेवर, जिऱ्याचा वास सुटेपर्यंत गरम करा आणि लगेच जाडसर कुटा. आयती मिरपूड वापरू नका. या सुपात तिखट म्हणून दुसरं काहीच नाही, हिरवी मिरची नाही, लाल तिखट नाही, त्यामुळे मिऱ्यांचा ताजेपणा लपवायला जागा नाही.

आता मुख्य पातेलं. तेल गरम करा, पाऊण चिमूट अख्खं जिरं तडतडवा, कढीपत्ता आणि उरलेला लसूण बारीक चिरून घाला. सोललेले सांबार कांदे अर्धे कापून त्यात परता. ते लाल करायचे नाहीत, कडा पारदर्शक झाल्या की टोमॅटो चिरून घाला आणि पूर्ण विरघळेपर्यंत शिजवा. टोमॅटो आधी आणि पानं नंतर, हा क्रम चुकवू नका. आंबटात पानांचा हिरवा रंग पटकन शेवाळी होतो, म्हणून टोमॅटोसोबत त्यांचा सहवास जितका कमी तितका बरा. लिंबू तर वाटीतच पिळायचं.

पानं घाला आणि मध्यम आचेवर मिनिट-दीड मिनिट परता. ढीग बघता बघता मूठभर होतो, रंग गडद आणि चकचकीत होतो. इथे थांबायचं. हे परतणं वगळून पानं थेट पाण्यात टाकणारेही आहेत, पण परतलेल्या पानांना कच्चा गवती वास राहत नाही, आणि तेल पानाला लागतं ते वेगळंच.

मग काड्यांचं गाळलेलं पाणी ओता, मीठ घाला आणि उकळी येऊ द्या. आच मंद करून झाकणाशिवाय पाच ते सात मिनिटं, पानं जून असतील तर दहा. पान दोन बोटांत दाबल्यावर सहज तुटलं की झालं. घोटलेली डाळ घाला, कुटलेलं मिरी-जिरं घाला, एकच उकळी आणि गॅस बंद. मिरी-जिरं आधीपासून उकळत ठेवलं तर सुगंध वाफेबरोबर जातो आणि मागे नुसता तिखटपणा राहतो.

गॅस बंद केल्यावर पळीच्या पाठीने पातेल्याच्या कडेला थोडी पानं रगडा. सगळी नाही, तिसरा हिस्सा. सूप किंचित हिरवं होतं आणि बाकीची पानं चावायला राहतात. घरात पान दिसलं की नाक मुरडणारी मुलं असतील तर सगळंच मिक्सरमधून फिरवा, पण शिजल्यावर आणि कोमट झाल्यावर.

वाटीत ओतून लिंबाचे चार थेंब. सोबत काही लागत नाही. तापातून उठलेल्यासाठी असेल तर त्यातच मऊ भात कुस्करून द्यावा.

कडू का होतं

या सुपाबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच, आणि कारण जवळपास नेहमी तीनांपैकी एक असतं. पाला जून होता. किंवा अर्धा तास उकळला. किंवा, आणि हे फार जणांच्या ध्यानात येत नाही, कच्ची पानं मिक्सरमध्ये वाटून घातली. शेवग्याच्या पानात मोहरीवर्गातल्यासारखी गंधकयुक्त द्रव्यं असतात. पान कच्चं असताना चिरडलं की त्यातलंच एक विकर, म्हणजे एन्झाइम, या द्रव्यांवर काम करतं आणि झणका-कडूपणा तयार होतो. पान अख्खं गरम तेलात किंवा उकळत्या पाण्यात पडलं की ते विकर आधीच निकामी होतं, मग नंतर खुशाल वाटा. काड्या आपण कच्च्या ठेचतो खऱ्या, पण त्यांचा झणका पंधरा मिनिटांच्या उकळीत उडून जातो आणि लसूण-तांदळाचं पाणी उरलेलं सांभाळतं.

झालंच कडू, तर साखर घालू नका. थोडी आणखी घोटलेली डाळ किंवा दोन चमचे नारळाचं दाट दूध घाला. नारळाचं दूध घातल्यावर उकळायचं नाही.

नुसत्या काड्यांचं रसम

पानं भाजीत गेली आणि काड्या उरल्या, तर त्यांचं वेगळं रसम करतात, मुरुंगई ईर्क्कु रसम. सर्दी-खोकल्यात, अंग जड झालेलं असताना हे प्यायची तिकडे जुनी रीत आहे. वरच्यासारखंच काड्यांचं पाणी करायचं, पण काड्या दुप्पट आणि तांदळाच्या पाण्याऐवजी साधं पाणी. त्यात लिंबाएवढ्या नव्हे, आवळ्याएवढ्या चिंचेचा कोळ, ठेचलेलं मिरी-जिरं-लसूण आणि हिंग. फेस वर आला की उतरवायचं, खळखळून उकळू द्यायचं नाही. वरून तुपात मोहरी, सुकी मिरची, कढीपत्ता. डाळ नाही. भातावर घ्या किंवा पेल्यातून प्या. मला विचाराल तर सुपापेक्षा हेच सरस आहे, फक्त पोट भरत नाही.

पौष्टिक किती, हिशेबाने

शेवग्याच्या पाल्याबद्दल ‘संत्र्याच्या सातपट’, ‘दुधाच्या चौपट’ असे आकडे सगळीकडे फिरतात. त्यातले बरेचसे वाळलेल्या पुडीचे आकडे ताज्या फळाशी किंवा दुधाशी ताडून काढलेले असतात. पाणी काढून टाकल्यावर काहीही दाट होणारच.

ताज्या पाल्याचा हिशेब असा. १०० ग्रॅममध्ये लोह साधारण साडेचार मिलिग्रॅम, कॅल्शियम ३०० मिलिग्रॅमच्या आसपास. पालेभाज्यांत हे उत्तमच आहे. पण आपल्या चार वाट्यांत पाला ६० ग्रॅम, म्हणजे एका वाटीत १५ ग्रॅम. लोह आलं सुमारे ०.७ मिलिग्रॅम. भारतीय प्रौढ स्त्रीसाठी आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० मध्ये सुचवलेलं रोजचं प्रमाण २९ मिलिग्रॅम आहे. तेव्हा हिमोग्लोबिन कमी म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या असतील तर त्या सुपासाठी बंद करू नका.

ज्यात हा पाला खरोखर पुढे आहे ते म्हणजे बीटा कॅरोटिन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. ते पाण्यात उतरत नाही, पानातच राहतं, आणि अंगी लागायला स्निग्ध पदार्थ लागतो. पानं गाळून टाकली तर ते चाळणीत गेलं. तेल वगळून ‘डाएट’ सूप केलं तर पोटात जाऊनही त्याचा पुरता उपयोग नाही. क जीवनसत्त्व मात्र उकळताना बरंच कमी होतं. ती कसर लिंबू काही अंशी भरून काढतं, आणि पाल्यातलं लोह शोषायलाही मदत करतं.

तमिळनाडूत कीरै, म्हणजे कोणतीही पालेभाजी, रात्री खात नाहीत, पचायला जड म्हणून. सूपही सकाळी किंवा दुपारच्या जेवणाआधी घेतात. तेवढी शिस्त पाळायला काही हरकत नाही.

रक्त पातळ करणारी वॉरफेरिनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे रोजचं करू नका, हिरव्या पाल्यात के जीवनसत्त्व भरपूर असतं. मधुमेह किंवा रक्तदाबाचं औषध घेणाऱ्यांनी आठवड्यातून दोन-तीनदा जेवणातला पदार्थ म्हणून घ्यावं, पण पुडी, गोळ्या, अर्क यांच्या मागे स्वतःच्या मनाने लागू नये. गरोदर बायांनी शेवग्याचं मूळ आणि साल यांपासून लांबच राहावं.

ठेवायचं कसं

सूप त्याच दिवशी संपवा. पुन्हा गरम केलं की रंग मातकट आणि चव जड होते. काड्यांचं गाळलेलं पाणी मात्र फ्रिजमध्ये दोन दिवस राहतं, सकाळी घाईच्या घरात ते आदल्या रात्रीच करून ठेवावं.

पाला जास्त आला असेल तर धुऊन, पंख्याखाली पूर्ण कोरडा करून, सावलीत पातळ पसरून वाळवा. उन्हात रंग जातो. दोन-चार दिवसांत पान बोटात चुरचुरलं की मिक्सरमध्ये पूड करून, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, अंधाऱ्या कपाटात ठेवा. या पुडीचं सूप करायचं तर ती कधीही उकळायची नाही: कांदा-लसूण-टोमॅटोचं पाणी आणि डाळ तयार करून गॅस बंद करा, प्रत्येक वाटीला एक सपाट लहान चमचा पूड थोड्या कोमट पाण्यात कालवून वरून घाला आणि ढवळा. कोरडीच टाकलीत तर गुठळ्या होतात, आणि त्या काही केल्या मोडत नाहीत.